पीपीई नावाची डिग्री नागपुरात नाही, मग तिन्ही विषय एकत्र कसे शिकायचे? एका विद्यार्थिनीचं प्रकरण

मी नागपुरात एका कॉलेजमध्ये पॉलिटिकल सायन्स शिकवते. हे प्रकरण आमच्याकडे शिकलेल्या एका मुलीचं आहे, तिची आणि तिच्या घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. फिलॉसॉफी, पॉलिटिक्स आणि इकॉनॉमिक्स, म्हणजेच पीपीई, एकत्र शिकायचंय असं म्हणणारी मुलं आता दरवर्षी एकदोन तरी भेटतात आणि त्यांना नीट सांगणारं कोणी नसतं, म्हणून हे सविस्तर मांडतेय.

पार्श्वभूमी

मुलगी मानेवाड्याकडची, मराठी मीडियम, बारावी आर्ट्स. वडील एसटीत मेकॅनिक, आई घरीच शिवणकाम करते. बारावीचं वर्ष म्हणजे २०२१-२२, आणि ते वर्ष एसटीवाल्यांच्या घरात कसं गेलं ते ज्याचं त्यालाच माहीत, ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झालेला संप पार एप्रिलपर्यंत चालला, घरात पगार नाही आणि रोज रात्री जेवताना तोच विषय. महामंडळ सरकारात विलीन व्हायला पाहिजे की नाही, तोट्यात चालणारी सेवा सरकारनं चालवावी का, आणि संप आपल्या हक्काचा असला तरी त्याच्यामुळे खेड्यातल्या पोरांची शाळा बुडते त्याचं काय. हा शेवटचा प्रश्न तिनंच वडिलांना विचारला होता म्हणे आणि त्या रात्री घरात कोणी धड बोललं नाही.

मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण तिची आवड पुस्तकातून आलेली नव्हती. एकाच प्रश्नात पैशाचा हिशोब आहे, सत्ता कोणाच्या हातात आहे ते आहे आणि बरोबर काय तेही आहे, हे तिनं घरात बघितलं होतं, फक्त त्याला एकत्र शिकायची काही सोय असते हे माहीत नव्हतं. ते कळलं २०२२ च्या उन्हाळ्यानंतर, ब्रिटनमध्ये पंतप्रधानपदासाठी लिझ ट्रस आणि ऋषी सुनक यांची चुरस चालली होती तेव्हा, दोघांनीही ऑक्सफर्डला पीपीई केलेलं. तो कोर्स तिथं १९२० मध्ये सुरू झाला, पहिल्या वर्षी तिन्ही विषय सगळ्यांना आणि पुढे हवं तर एक सोडून दोन ठेवता येतात. तिनं हे वाचलं आणि ठरवलं की आपल्याला हेच करायचंय.

अडचण

अडचण एक नव्हती, एकात एक अडकलेल्या होत्या.

पहिली पैशाची. आपल्याकडे काही खासगी युनिव्हर्सिटींमध्ये पीपीई आहे पण फी वर्षाला लाखांत, आणि संपानंतर डोक्यावर उसनवारी असलेल्या घरात तो आकडा मोठ्यानं वाचायलाही त्रास होतो.

दुसरी गणिताची. दिल्ली युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स ऑनर्स करायचं तर बारावीला मॅथ्स लागतं. आपल्या बोर्डात आर्ट्सलाही गणित घेता येतं, विषयाच्या नावातच कला व विज्ञान दोन्ही आहेत, पण तिच्या ज्युनिअर कॉलेजात आर्ट्सच्या वर्गाला ते शिकवायची सोयच नव्हती आणि अकरावीत तिला हे कोणी सांगितलंही नाही. म्हणजे जो दरवाजा बंद झाला तो पंधरा-सोळाव्या वर्षी, तिला न कळता.

तिसरी, जिच्याबद्दल कोणी बोलतच नाही, ती म्हणजे विषयांचे ग्रुप. त्या वेळच्या बीए पॅटर्नमध्ये इंग्रजी आणि एक भाषा कंपल्सरी, वर तीन ऑप्शनल विषय. कागदावर बघाल तर आपल्या नागपूर विद्यापीठाचं जुनं बीए म्हणजे गरिबाघरचं पीपीईच होतं, तिन्ही विषय सारख्या वजनाचे. पण कॉलेज टाइमटेबल बसवायला विषयांचे ग्रुप करतं आणि एका ग्रुपमधून एकच घेता येतो. तिनं घराजवळच्या ज्या कॉलेजात ॲडमिशन घ्यायचं ठरवलं तिथं इकॉनॉमिक्स आणि फिलॉसॉफी एकाच ग्रुपात, एकाच वेळेला. बऱ्याच कॉलेजांत तर फिलॉसॉफीला शिक्षकच उरलेला नाही.

आणि चौथी वेळेची. २०२२ हे सीयूईटीचं, म्हणजे दिल्लीसारख्या सेंट्रल युनिव्हर्सिटींच्या सामाईक प्रवेशपरीक्षेचं, पहिलंच वर्ष, बारावीचा निकाल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला आणि सीयूईटीचा सप्टेंबरच्या मध्यात. नागपुरातली ॲडमिशनं तोपर्यंत थांबत नाहीत.

समोरचे पर्याय

ती आणि तिचे बाबा जुलैमध्ये आमच्या कॉलेजात आले, कोणीतरी सांगितलं होतं की इथं तिन्ही विषय एकत्र मिळतात. बाबांचा पहिला प्रश्न सरळ होता, "मॅडम, हे तिन्ही शिकून पोट्टीनं मंग करावं काय, ते सांगा न जी."

मी सोपं उत्तर देऊ शकले असते, यूपीएससी. मेन्समध्ये या तिन्हींपैकी कोणताही विषय ऑप्शनल घेता येतो, २०१३ पासून एथिक्सचा वेगळा पेपर आहे, बापाचं समाधान लगेच होतं. पण मला ते बरोबर वाटत नाही. एकदा यूपीएससीचं नाव घेतलं की घर त्याच काट्यावर सगळं तोलायला लागतं, आणि जी मुलगी प्रश्नासाठी शिकायला आली ती तीन वर्षं नोट्स पाठ करते. म्हणून मी म्हटलं की नोकरी या डिग्रीवर थेट लागत नाही, पुढे एमए करावंच लागेल, आणि त्या एमएनंतर रिसर्च, पॉलिसीवर काम करणाऱ्या संस्था, पत्रकारिता, बँका, शिकवणं असे रस्ते आहेत, स्पर्धा परीक्षाही आहेतच. ते गप्प बसले. मग मी बाबासाहेबांचं सांगितलं, मुंबईत बीए इकॉनॉमिक्स आणि पॉलिटिकल सायन्समध्ये, मग १९१५ मध्ये कोलंबियाला एमए, अर्थशास्त्र मुख्य आणि बरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तक म्हणून छापला गेला. ते हातात पाना घेऊन काम करणारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "म्हणजे बाबासाहेबही हेच शिकले." ही माहिती म्हणून सांगितली होती, पटवायची युक्ती म्हणून नाही, पण नागपुरात ते नाव घेतलं की शिक्षणाकडे बघायची नजर बदलते हे खरंय.

पर्याय असे होते. दिल्लीची वाट बघायची. किंवा घराजवळचं कॉलेज घ्यायचं आणि फिलॉसॉफी सोडून हिस्ट्री घ्यायचं, येणंजाणं वाचतं. किंवा आमच्याकडे यायचं, शहराच्या दुसऱ्या टोकाला, 'आपली बस' ही शहर बस दोनदा बदलून. खासगी युनिव्हर्सिटीला स्कॉलरशिपचा अर्ज करायचा पर्याय तिनं स्वतःच बाजूला ठेवला, हॉस्टेल आणि प्रवासाचा खर्च धरून घरचा हिशोब तिनं कागदावर मांडला होता आणि तो बसत नव्हता.

ठरलं असं की आमच्याकडे ॲडमिशन घ्यायची आणि सीयूईटीही द्यायची. सप्टेंबरमध्ये निकाल आला तर दिल्लीत बीए प्रोग्रॅम, म्हणजे दोन विषयांचं बीए, किंवा फिलॉसॉफी ऑनर्स मिळायची शक्यता होती, इकॉनॉमिक्स ऑनर्स नाहीच. इथं घरात खूप ओढाताण झाली. मामा म्हणाले दिल्ली ते दिल्ली, नुसत्या नावाला किंमत आहे. आईचं म्हणणं होतं पोरीला जे शिकायचं ते इथं सुरू झालंय. मुलगी दोन्हीकडून रडली. मी तिला एकच विचारलं, पहिल्या वर्षाच्या शेवटी तुझ्या हातात कोणते पेपर असतील ते दोन्हीकडचं लिहून काढ. फिलॉसॉफी ऑनर्समध्ये इकॉनॉमिक्स जवळपास हातचं जात होतं. ती नागपुरात राहिली. दिल्लीला गेली असती तर लायब्ररी आणि सोबतची मुलं खूप वरच्या दर्जाची मिळाली असती, हा तोटा छोटा नव्हता आणि तो कोणी लपवू नये.

काय केलं

पहिलं वर्ष तीन विषय तीन खोल्यांत शिकण्यातच गेलं. सकाळी मागणी-पुरवठ्याचे वक्र, दुपारी राज्यशास्त्राच्या व्याख्या, फिलॉसॉफीच्या वर्गात पाच-सहा मुलं. मार्कशीटवर तिन्ही होते पण एकमेकांशी बोलत नव्हते. ही अडचण नुसती आपल्याकडची नाहीये, कुठल्याही युनिव्हर्सिटीत तीन डिपार्टमेंट आपापलं शिकवून मोकळी होतात आणि जोडायचं काम विद्यार्थ्यावर पडतं.

वाचनाचं माध्यम हाही प्रश्न होता. इंग्रजीत फिलॉसॉफी वाचताना ती एका पानावर अडकून बसायची. आमच्या फिलॉसॉफीच्या मॅडमनी तिला 'आजचा सुधारक'चे जुने अंक वाचायला लावले. दि. य. देशपांड्यांनी १९९० मध्ये नागपुरातून हे मासिक सुरू केलं तेव्हा त्याचं नाव 'नवा सुधारक' होतं, आणि नीती, विवेक, समता यावर मराठीत इतकं स्वच्छ लिहिलेलं दुसरीकडे सहज सापडत नाही. आधी मराठीत युक्तिवाद समजून घ्यायचा आणि मग इंग्रजी मूळ वाचायचं, या क्रमानं तिची गाडी सुटली. आपल्याच गावातून निघालेलं हे मासिक आपल्या मुलांना माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

गणिताचं दुसऱ्या वर्षात सुरू केलं. इंजिनिअरिंगला असलेल्या चुलत भावानं तिला अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं आणून दिली, फंक्शन, डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रॉबॅबिलिटी एवढंच ठरवून घेतलं आणि रविवारी दुपारी ते दोघं बसायचे. इकॉनॉमिक्सच्या सरांनी तेव्हा बजावलं होतं की मार्जिनल म्हणजे डेरिव्हेटिव्ह हे कळल्याशिवाय पुढचं इकॉनॉमिक्स नुसतं पाठांतर होतं.

तीन विषय एकत्र आले ते अनुशेषाच्या प्रश्नात

तिसऱ्या वर्षी तिनं एक प्रोजेक्ट केला, सिलॅबसमध्ये नव्हता, मार्क नव्हते. सुरुवातीला तिला वेगळा विदर्भ व्हावा की नाही यावर लिहायचं होतं. आम्ही तिघं शिक्षक तिच्याशी स्टाफरूममध्ये बसलो आणि विषय लहान केला, अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या भागाची तूट, मोजतात कसा. विदर्भात लहानपणापासून हा शब्द कानावर पडतो, तो काढतात कसा ते फार थोड्यांना माहीत असतं.

तिनं असं मांडलं. सगळ्या मराठी भागांचं एक राज्य व्हावं म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात तत्त्व होतं की वेगवेगळ्या भागांवरचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, आणि मराठवाड्याकडे विशेष लक्ष द्यावं. म्हणजे माणशी सारखा वाटा. पुढे हा असमतोल तपासायला राज्य सरकारनं नेमलेल्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये अहवाल दिला, त्या समितीनं वेगळी पद्धत घेतली, प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा त्याच्याखाली आहे त्याची तूट म्हणजे अनुशेष. राज्याचा एकूण सुमारे ३,१८६ कोटी निघाला, त्यात विदर्भाचा १,२४६ कोटी, मराठवाड्याचा सुमारे ७५० आणि उरलेला, जवळपास १,१८९ कोटी, उर्वरित महाराष्ट्राचा. हा शेवटचा आकडा बघून ती चकित झाली, आपण समजतो की तिकडे सगळं भरलेलंच आहे. आणि याच विषयावरच्या नंतरच्या केळकर समितीनं २०१३ मध्ये जिल्ह्याऐवजी तालुका धरला.

इकॉनॉमिक्सच्या सरांनी तिला एक काल्पनिक उदाहरण सोडवायला दिलं, ते इथं देते कारण त्यानंच पुढचं सगळं उघडलं. तीन तालुके, ओलिताखालची जमीन शंभरात १०, २० आणि ६०. सरासरी ३०, अनुशेष २० अधिक १०, म्हणजे ३०. पैसा आणला, भरून काढला, आता ३०, ३०, ६०. पण सरासरी झाली ४० आणि अनुशेष परत २०. म्हणजे प्रामाणिकपणे काम केलं तरी अनुशेष एका झटक्यात संपत नाही, सरासरी वर सरकत राहते. नेत्यांचं भाषण आणि हा हिशोब शेजारी ठेवून बघितले की दोन्हीकडचं अर्धवट बोलणं लक्षात येतं.

मग फिलॉसॉफीच्या मॅडमनी विचारलं, पण सरासरीच का? सरासरीच्या खाली असणं म्हणजे अन्याय हे कोणी ठरवलं? लोकसंख्येप्रमाणे वाटणं, सरासरीपर्यंत आणणं आणि गरजेप्रमाणे देणं हे न्यायाचे तीन वेगळे अर्थ आहेत, आणि प्रत्येक करार किंवा समिती त्यातला एक गृहीत धरून मग आकडे काढते. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सनं १९७१ मध्ये मांडलं की विषमता मान्य करायचीच तर तिचा फायदा सगळ्यात खालच्या माणसाला जास्तीत जास्त व्हायला पाहिजे. यातला माणूस हा शब्द तिनं पकडला. अनुशेष जिल्ह्याचा असतो, माणसाचा नसतो. हेक्टर मोजले की ज्याची जमीन आहे तो मोजला जातो, भूमिहीन मजूर त्यात कुठेच येत नाही.

तिच्या आईचं माहेर कुही तालुक्यातलं, गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरकडचं. १९८८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा या प्रकल्पाचा अंदाज ३७२ कोटींचा होता, नंतर तो कित्येक पटींनी वाढत गेला आणि काम दशकानुदशकं चाललं. तिनं तिथं जाऊन आजीच्या ओळखीतल्या लोकांशी बोलून घेतलं आणि परत येऊन जे लिहिलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. धरणामुळे कालव्याखाली येणारा हेक्टर अनुशेष कमी झाला म्हणून धरला जातो, पण त्याच धरणात बुडालेली शेती, गाव, नदीवरची मासेमारी हे त्या मोजणीत वजा होत नाही. एकाचं ओलित अधिक म्हणून दिसतं आणि दुसऱ्याचं जाणं दिसतच नाही. हे बघायला इकॉनॉमिक्स लागतं, कारण आधी मोजणी समजली पाहिजे. ती मोजणी कोणी ठरवली यासाठी संविधानाचं कलम ३७१(२), राज्यपालांची विशेष जबाबदारी आणि १९९४ मध्ये आलेली, ३० एप्रिल २०२० ला मुदत संपलेली विकास मंडळं वाचावी लागतात. आणि यात चुकलं काय हे सांगायला फिलॉसॉफी लागते. तिघांपैकी एक काढा, लेख पडतो.

त्या बैठकीत आम्ही शिक्षकच आपसात भांडलो. सरांचं म्हणणं, पुनर्वसनाचा खर्च प्रकल्पाच्या खर्चात येतो, मग हिशोब झालाच. मॅडमचं म्हणणं, पैसा दिला म्हणजे नुकसान पुसलं हे धरून चालणं हीच एक नैतिक भूमिका आहे. मुलगी आमच्यामध्ये बसून भराभर लिहून घेत होती. शिक्षकांना असं तावातावानं वाद घालताना मुलांनी बघितलं पाहिजे, ते वर्गात कधी दिसत नाही.

निकाल

बीए चांगल्या मार्कांनी झालं. मार्च २०२५ मध्ये तिनं सीयूईटी पीजीचा इकॉनॉमिक्सचा पेपर दिला, थिअरीत बरे मार्क आले आणि मॅथ्स-स्टॅटिस्टिक्सच्या प्रश्नांत गेले. पहिल्या पसंतीचं डिपार्टमेंट मिळालं नाही, दुसऱ्या एका सेंट्रल युनिव्हर्सिटीत एमए इकॉनॉमिक्सला प्रवेश मिळाला. पहिल्या सेमिस्टरमध्ये गणितानं दमवलं, फोनवर सांगायची की वर्गातली बीएस्सी केलेली मुलं बोर्डावर बघून पुढे जातात आणि मी घरी येऊन परत करते. पण वेल्फेअर इकॉनॉमिक्सच्या पेपरात, जिथं केनेथ ॲरो आणि अमर्त्य सेन हे अर्थशास्त्रज्ञ येतात, बहुमतानं निवड करताना काय फसतं आणि उपयोगिता एका माणसाची दुसऱ्याशी तोलता येते का हे येतं, तिथं बाकीचे समीकरण सोडवत होते आणि प्रश्न काय आहे ते हिला आधीच माहीत होतं. बाबा आता डेपोत सगळ्यांना सांगतात, "पोट्टी दांडेकर समितीवर लिहून राहिली."

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी गणित. अकरावीत ज्युनिअर कॉलेजात आर्ट्सला गणित नसेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेच्या बोर्डातून बारावीचा तेवढा एकच विषय देता येतो, पूर्ण बारावी परत करावी लागत नाही. मात्र जिथं पुढे ॲडमिशन घ्यायची तिथं तो धरतात का हे आधी लेखी विचारून घ्यायचं. तिनं गणित दुसऱ्या वर्षाऐवजी बारावीच्या सुट्टीत सुरू केलं असतं तर पीजीचा पेपर वेगळा गेला असता, असं तिचंच मत आहे.

प्रोजेक्टही तिसऱ्या वर्षापर्यंत थांबायला नको होता. एक प्रश्न पहिल्याच वर्षी हातात धरला, मग तो लहान का असेना, म्हणजे एसटीचं भाडं कोण ठरवतं आणि ते न्याय्य आहे का एवढाही चालेल, तर तिन्ही वर्गांत बसताना त्याच्यासाठी काहीतरी गोळा होत राहतं.

दिल्लीबद्दल आमच्यात अजूनही एकमत नाहीये. इकॉनॉमिक्सच्या सरांना वाटतं बीए प्रोग्रॅमला जायला हवं होतं, दोन विषय तिथं आणि तिसरा स्वतः वाचून. माझं मत आहे की फिलॉसॉफी एकट्यानं वाचून होत नाही, कोणीतरी समोर बसून तुमचं म्हणणं खोडून काढावं लागतं.

आणि आता पॅटर्न बदललाय. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह आलेत, तीन विषय सारख्या वजनाचे घेणं पूर्वीसारखं सोपं राहिलं नाही. पुढे इकॉनॉमिक्समध्ये जायचं असेल तर मी मेजर इकॉनॉमिक्स घ्यायला सांगते, कारण गणित आणि पेपरांची संख्या मागाहून भरून काढणं अवघड जातं, मायनर पॉलिटिकल सायन्स किंवा फिलॉसॉफी, आणि उरलेला ओपन इलेक्टिव्हमधून. ज्यांना कायदा किंवा पत्रकारितेकडे जायचंय त्यांनी मेजर पॉलिटिकल सायन्स धरलं तरी चालतं. ॲडमिशनच्या काउंटरवर प्रॉस्पेक्टसमधली विषयांची यादी बघून फॉर्म भरू नका, मागच्या वर्षीचं टाइमटेबल मागा, फिलॉसॉफीला सध्या शिक्षक आहे का ते विचारा, आणि दुसऱ्या वर्षात असलेल्या एखाद्या मुलाला गाठून हे तिन्ही तास खरंच होतात का ते विचारून मगच फी भरा.